खलाशी इतका मुद्देसूद बोलत नाही

लखनौच्या मराठी मंडळात सगळ्यात जास्त टाळ्या मी घेतल्यात, अध्यक्षांपेक्षा जास्त, गाणाऱ्या बायकांपेक्षा जास्त. त्यातली एकही टाळी मी काय बोललो त्याला नव्हती, तोंड कसं वाकडं केलं त्याला होती.

नव्व्याण्णव सालचा गणपती. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीतला हॉल. करमणुकीचा कार्यक्रम चालू. मी मागं आमटीच्या पातेल्याजवळ होतो. मंडळाचे सेक्रेटरी माइकवर आले. हे बँकेत मोठे साहेब. म्हणाले, "आता आपल्या सगळ्यांच्या आवडीचा आयटम. आपल्या ईमेल ग्रुपवर ज्या पत्रानं धमाल उडवली, ते पत्र. लिहिलंय आपल्या रेल्वेच्या साहेबांनी. आणि सादर करतोय त्यांचाच खलाशी. म्हणजे ओरिजिनल माल."

लोक हसले. मला हात धरून वर ओढलं. माझ्या हाताला आमटी लागली होती, ती सेक्रेटरींच्या झब्ब्याला लागली. त्यालाही लोक हसले. मी पण हसलो. सवय.

सेक्रेटरींनी माझ्या हातात कागद दिला. मग त्यांच्या लक्षात आलं. माइकवरच म्हणाले, "अरे हो, तुला वाचता कुठं येतं. साधारण माहीत आहे ना काय आहे त्यात? नसेल तर कर आपलं काहीतरी, खलाशासारखं."

खलाशासारखं.

मी खलाशीच होतो. आणि पत्र माझं होतं.

कसं झालं ते सांगतो.

मी बार्शीकडचा. शाळा मी बघितलीय, नाही असं नाही. शाळेला चुना मारायचं काम होतं, आठ दिवस मारला. तेवढंच माझं शिक्षण, तेही भिंतीच्या बाहेरच्या बाजूनं. पुढं सोलापूरला साहेबांनी मला बंगल्यावर खलाशी म्हणून घेतलं. रेल्वेत तशी पद्धत होती. पगार रेल्वे देणार, काम साहेबांच्या घरी. भाजी आणायची, इस्त्री करायची, फोन घ्यायचा. साहेबांची बदली लखनौला झाली तसे आम्ही पण आलो. मी, बायको आणि लेक सुमन. सामानाच्या यादीत आम्ही फ्रिजच्या नंतर होतो.

साहेबांच्या क्वार्टरच्या मागं एक खोली, तिथं आम्ही. क्वार्टरचा नंबर साहेबांचा, पाटी साहेबांची. आम्हाला वेगळा नंबर नाही.

लखनौत मराठी माणसं थोडी. बँकेतली हजरतगंजच्या बाजूला, रेल्वेतली आमच्याकडं, एअरफोर्सचे एक साहेब पार बख्शी का तालाबहून यायचे. सगळ्यांचं मिळून हे मंडळ. नवीन माणूस भेटला की पहिल्यांदा गाव विचारायचे, मग आडनाव. मी आडनाव सांगितलं की समोरचा जरासा थांबायचा. मग म्हणायचा, "अच्छा, अच्छा." आणि पुढचं काही विचारायचा नाही. पंगतीला आम्ही शेवटी. खलाशी, ड्रायव्हर, आचारी. कोणी तसं सांगितलं नव्हतं. वाढणारे आम्हीच, तर शेवटी बसणारच की.

नकला मी पहिल्याच वर्षी केल्या. माझी सगळ्यात गाजलेली नक्कल माझीच. बंगल्यावर पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा मी चप्पल काढून, टोपी नीट करून त्याला सलाम केला होता. पलीकडून दिल्लीचे मोठे साहेब बोलत होते. मी म्हणलं, "साहेब बाथरूममध्ये आहेत, तुम्ही बसा." हे खरं झालेलं. स्टेजवर केलं. लोक लोळले. तेव्हापासून दर गणपतीला, दर कोजागिरीला माझा नंबर. मी एकएक काढून देत गेलो. लिफ्टमध्ये रडलो ते, शॉवर बघून पाणी फुटलं म्हणून मिस्तरी बोलवला ते. माझं सगळं हसं मीच करून दिलं. दुसऱ्याला कष्ट नकोत.

आता वर्गाचं. साहेबलोकांची पोरं मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर द्यायची. म्हणून मंडळानं रविवारचा मराठी वर्ग काढला, त्याच हॉलमध्ये. सेक्रेटरींच्या मॅडम शिकवायच्या. सतरंज्या घालायचं काम माझ्या बायकोकडं. सुमन बरोबर जायची आणि दाराशी बसून ऐकायची. बारा वर्षांची होती. शाळा हिंदी, घर मराठी. एकदा मला म्हणाली, "बाबा, घरात बोलतो ते लिहायला गेलं की हिंदी होतं. मला पण आत बसू द्यायला सांगा."

माझ्या लेकीनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली वस्तू, जी दुकानात मिळत नव्हती.

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "सभासदांच्या मुलांसाठी आहे. नियम आहे." सेक्रेटरींना विचारलं. त्यांनी नियम सांगितला, एका क्वार्टरला एक सभासद. आमच्या क्वार्टरचे सभासद साहेब. मी म्हणलं, "मग मी त्याच क्वार्टरात राहतो की." ते हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. "तू पण ना." आठवड्यानं परत विचारलं. परत हसले. माझं तोंड उघडलं की त्यांना हसू यायचं, आत काय आहे ते ऐकूच जायचं नाही.

तेव्हा मला एक आयडिया आली. माझी आयडिया म्हणजे काय असणार, पण आली.

मंडळाचा ईमेल ग्रुप होता. माणसं लांब लांब राहायची, म्हणून तो काढलेला. ज्यांच्याकडं कॉम्प्युटर नाही त्यांच्यासाठी सेक्रेटरी कागद छापून हॉलच्या बोर्डावर लावायचे. आमच्याकडं साहेबांची मुलगी, मुक्ताताई, कॉलेजात होती. ती संध्याकाळी कॉम्प्युटर लावायची. फोनची वायर काढून त्यात घालायची, आतून कोणाला तरी चिमटा काढल्यासारखा आवाज यायचा आणि बाईसाहेब आतून ओरडायच्या, फोन अडकवला म्हणून. मराठी पत्रं, पण इंग्रजी अक्षरांत. ताई ती मला वाचून दाखवायची. मी मटार सोलत ऐकायचो.

मला आवडायचं ते. एकदा विषय निघाला, गणपतीचं जेवण पंगत ठेवायची की बुफे. तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी गोष्ट शुद्ध मराठी म्हणजे काय इथं पोचली. मी ताईला विचारलं, "मग जेवण कसं ठरलं?" ताई म्हणाली, "काका, वो तो किसी ने बताया ही नहीं." शेवटी पंगतच झाली. वाढणारे आम्ही, आणि आम्हाला बुफे कोणी सांगितलाच नाही.

मला अक्षर येत नाही म्हणून विषय डोक्यात धरून ठेवावा लागतो. त्यांना लिहिता येतं, म्हणून ते सोडून देतात. हे मी ताईला बोललो तर ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "काका, ये आप ग्रुप पे बोलो ना."

बरोबर होतं. ग्रुपवर तोंड दिसत नाही. तोंड नसलं तर हसणार कशाला. साहेब तेव्हा लाइनवर दौऱ्यात होते. मी बोललो, ताईनं टाइप केलं. हे आत्ताचं पण तसंच आहे, मी बोलतोय आणि लिहून घेणारं दुसरं कोणी आहे. ते पत्र मला अजून पाठ आहे.

"मंडळाचा नियम आहे, एका क्वार्टरला एक सभासद. मी साहेबांच्या क्वार्टरच्या मागच्या खोलीत राहतो. मी क्वार्टरच्या आत असेन तर माझी मुलगी सभासदाच्या घरची झाली, तिला रविवारच्या वर्गात घ्या. मी क्वार्टरच्या बाहेर असेन तर मला वेगळा सभासद करा आणि तिला वर्गात घ्या. दोन्हीतलं काहीही चालेल. दोन्ही नाही असं होऊ शकत नाही. मांडव घालायला या क्वार्टरातून चार माणसं येतात असं तुमच्या यादीत आहे. त्यातली दोन मी आणि माझी बायको. कामाला आत आणि वर्गाला बाहेर, असं का? मुलीला घेणार का? हो किंवा नाही सांगा."

खाली माझं नाव घालायला लावलं. पण क्वार्टर एक, फोन एक, ईमेलचा पत्ता पण एकच. साहेबांचा. पत्र गेलं ते साहेबांच्या पत्त्यावरून.

दुसऱ्या संध्याकाळी उत्तरं आली. ताई वाचायला लागली आणि तिचा आवाज बारीक होत गेला.

सेक्रेटरींनी लिहिलं होतं, "सर, काय विनोदबुद्धी आहे तुमची. मानलं." एअरफोर्सच्या साहेबांनी लिहिलं, "खलाशाच्या तोंडून मंडळाची खेचायची कल्पना झकास." युनिव्हर्सिटीत शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मोठं पत्र लिहिलं. त्यात उपरोध हा शब्द बऱ्याच वेळा होता. मी ताईला अर्थ विचारला. तिला पण आला नाही.

आणि एकानं लिहिलं होतं, "पत्र उत्तम, फक्त भाषा पटली नाही. थोडी गावरान हवी होती. खलाशी इतका मुद्देसूद बोलत नाही."

ताई म्हणाली, "काका, मैं लिख देती हूँ कि आपने ही बोला है." तिनं लिहिलं. हे साहेबांनी लिहिलेलं नाही, खलाशानं सांगितलं, मी टाइप केलं, मुक्ता. त्यावर उत्तर आलं, "सर, आता लेकीला पण नाटकात घेतलंत. पात्रातून बाहेर येऊच नका."

मी ताईला म्हणलं, राहू द्या. मटार सोलून झाले होते, टरफलं उचलली, बाहेर गाईला घातली. मला काही वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. थंडीत पाय बधिर होतो, आपलाच पाय आपल्याला उचलून ठेवावा लागतो, तसं काहीतरी सगळ्या अंगाला.

साहेब दौऱ्यावरून आले. ऑफिसातच त्यांना चौघांनी शाबासकी दिली होती. त्यांनी मला बोलवलं. माणूस वाईट नव्हता. सुमन आजारी पडली तेव्हा स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं होतं. म्हणाले, "चांगलं लिहिलंयस रे. म्हणजे, मुक्तानं चांगलं लिहिलंय."

मी म्हणलं, "साहेब, मंडळाला तेवढं सांगा की माझं आहे."

ते म्हणाले, "आता सांगितलं तर त्या सगळ्यांचा पोपट होईल. एवढी तारीफ केलीय त्यांनी. राहू दे. पोरीचं मी बघतो."

राहू दिलं. मी कोण न राहू देणारा. गणपती आला तरी सुमन वर्गाच्या दाराशीच बसत होती.

तर असा मी स्टेजवर उभा. हातात माझं पत्र, मला न वाचता येणारं. समोर सगळं मंडळ. पहिल्या रांगेत साहेब, बाईसाहेब, ताई. सुमन मागं आईजवळ, द्रोणांच्या टोपलीपाशी.

मी पत्र म्हणलं. पाठ होतंच. तोंड वाकडं केलं नाही. आवाज बदलला नाही. तरी पहिल्या वाक्याला हसले. दुसऱ्याला हसले. "दोन्ही नाही असं होऊ शकत नाही" इथं टाळ्या पडल्या. कोणीतरी म्हणालं, "काय बेअरिंग पकडलंय."

पत्र संपलं. मी म्हणलं, "हे पत्र माझं आहे. साहेबांचं नाही."

एवढं मोठं हसू मला कधीच मिळालं नव्हतं. फोनच्या सलामाला पण नाही. मी साहेबांकडं बघितलं. ते हसत होते आणि आपल्या बुटांकडं बघत होते.

मग मी काही केलं नाही. हात खाली सोडले आणि उभा राहिलो. विनोदी माणूस उभा राहिला की लोकांना वाटतं आता काहीतरी करणार. ते वाट बघत हसले. मी उभाच. हसू बारीक झालं. एकदोघं खोकले. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मला राग नव्हता. जीभ सुद्धा दुसऱ्याची असल्यासारखी वाटत होती.

मी म्हणलं, "माझी सुमन वर्गात बसणार का नाही, तेवढं सांगा."

आता कोणी हसलं नाही. अध्यक्ष बसल्या जागेवरून बोलले, अगदी प्रेमानं. "अरे बाबा, आज सणाचा दिवस. हा विषय इथं नको. ग्रुपवर टाक, सविस्तर चर्चा करू."

मी म्हणलं, "ग्रुपवरच टाकलाय."

सेक्रेटरींनी माइक काढून घेतला. "यानंतर महिला मंडळाचं समूहगीत," म्हणाले. आणि माइक बाजूला धरून मला, "जा, आमटी गरम कर."

केली मी आमटी गरम. लोक जेवले.

ग्रुपवर सविस्तर चर्चा झाली बरं. ताईनं वाचून दाखवली. कार्यक्रमाचा मूड गेला, असं एक पत्र. त्याला कोणीतरी फूस लावली असणार, असं एक. सर, तुमच्या माणसाला आवरा. युनिव्हर्सिटीच्या बाईंनी आपण सगळ्यांनी आत्मपरीक्षण करायला हवं असं लिहिलं. त्यावर आत्मपरीक्षण कोणी करायचं यावर भांडण लागलं. मी ताईला विचारलं, "हो आहे का नाही आहे?" ती म्हणाली, "दोनों नहीं है, काका." शेवटी साहेबांच्या पत्त्यावरून साहेबांचं पत्र गेलं. गैरसमज झाला, विषय संपवू या.

गैरसमज. मी इतके दिवस तेच समजत होतो, की यांना माझं नीट कळत नाही म्हणून हसतात. अजून सोपं करून सांगितलं तर कळेल. त्या दिवशी इस्त्री करता करता माझ्या डोक्यात पडलं. त्यांना पहिल्या पत्रालाच कळलं होतं. हसले नसते तर हो किंवा नाही म्हणावं लागलं असतं. आणि हसायची सवय त्यांना मीच लावली होती, फुकट.

इस्त्री साहेबांच्या शर्टावर राहिली. बाहीला डाग पडला. तो डाग मी कोणापासून लपवला नाही.

साहेबांनी व्हरांड्यात बोलवलं. मला वाटलं शर्टासाठी. म्हणाले, "तुला काय कमी केलं मी?"

"काही नाही, साहेब."

"मग सगळ्यांसमोर मला खोटं का पाडलंस?"

"तुम्ही खोटं बोलला नव्हता, साहेब. तुम्ही काहीच बोलला नव्हता."

ते खुर्चीत मागं रेलले. मग समजुतीनं म्हणाले, "हे बघ, लोक दुखावलेत. पुढं कोजागिरी आहे. तेव्हा तुझी एक झकास नक्कल कर. ती फोनची कर. लोक हसतील, विसरतील. मग मी स्वतः पोरीचा विषय काढतो. होईल तिचं काम."

सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. चप्पल काढायची, टोपी नीट करायची, सलाम मारायचा. त्याच्या बदल्यात सुमनला सतरंजीवर जागा.

मी म्हणलं, "नक्कल नाही करणार."

"विचार कर."

"केला."

"पोरीचं नुकसान होईल."

"तिच्या बापाला बघून हसून झाल्यावर तिला आत घेणार असाल तर नको."

मला आवाज चढवता आला नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोललो. साहेब उठून आत गेले. नंतर पुष्कळ दिवस ते मला कामापुरतं सांगायचे, तेही बाईसाहेबांकडून. बायकोनं मला विचारलं, आता आपली गावाकडं रवानगी होणार का. मी म्हणलं, होऊ दे.

रविवारी सुमनची वेणी घालून दिली बायकोनं. नवी वही मी आणली. सतरंज्या घालून झाल्या होत्या. दहाएक पोरं बसली होती. मी सुमनला घेऊन आत गेलो, पहिल्या ओळीत रिकामी जागा होती तिथं तिला बसवलं.

"मॅडम, हिचं नाव लिहा."

मॅडम म्हणाल्या, "हे बघा, यादीत नाव नाहीये हिचं."

"म्हणूनच लिहा म्हणतोय."

"मीटिंगमध्ये ठरेल ते."

"ठरंल तेव्हा ठरंल. तोवर ती इथं बसंल. मी दारात उभा राहीन. दर रविवारी. तुम्ही नाव लिहीपर्यंत."

त्यांनी यादी बाजूला ठेवली. फळ्याकडं वळल्या आणि शिकवायला लागल्या. सुमनला उठवलं नाही, वही उघड असंही म्हणाल्या नाहीत. तिनं आपली आपण उघडली.

मी दारात उभा राहिलो. यांना आता हसवायचं नाही. समजावूनही सांगायचं नाही. जे बोललो ते एकदा नीट बोललोय. बदली करा, काढून टाका, ग्रुपवर लिहा. रविवार आला की मी या दारात. छाती काढून, अगदी मिलिटरीवाल्यासारखा उभा होतो.

पोरं माझ्याकडं बघायला लागली. दर वर्षी मला स्टेजवर बघितलेली पोरं. एक फिसकन हसलं. मग दुसरं. मॅडमनी डस्टर आपटलं तशी अजून हसली. मी तोंड जास्तच सरळ केलं. तशी अजूनच.

सुमन उठली. दारापाशी आली. मला वाटलं पाणी हवं असंल.

"बाबा, तुम्ही घरी जा," ती म्हणाली. "तुम्ही दिसले की ये लोग हँसते हैं. माझं मी बघते."